काढलेल्या बाईची ओटी

नोकरी मिळवायला पात्रता लागते हे मला शाळेपासून ठाऊक होतं. नोकरी गेल्यावर बेकार ठरायलाही पात्रता लागते, हे मात्र चाळिशी उलटल्यावर वर्ध्याच्या विमा कचेरीत कळलं. काउंटरपलीकडच्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही नोकरी सोडली का तुमाले काढलं?"

"काढलं," मी म्हटलं.

"इथं तं सोडली दिसून राह्यली." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे कारण लिहिलं होतं, कौटुंबिक कारणास्तव स्वतःहून सोडली.

माझं कुटुंब म्हणजे नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. या तिघांपैकी एकानेही मला नोकरी सोडायला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याची त्यांची हिंमतही नव्हती. नवरा विनाअनुदानित शाळेत शिक्षक आहे. अनुदान येणार, येणार म्हणत त्याचे केस पिकले. सिंदी मेघेत आमच्या गल्लीत त्याला सगळे सर म्हणतात आणि तोही सरांसारखाच चालतो, पण संस्थेकडून जे हातावर पडतं त्याला पगार म्हणायची आम्हाला लाज वाटते. थोडक्यात, आमच्या घरात नोकरी त्याच्याकडे होती आणि पगार माझ्याकडे. तो पगार गेला तेव्हा मी घाबरले होते. ते इथे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच थट्टा करणार आहे.

मी तूरडाळीच्या एका खाजगी मिलमध्ये हिशेब लिहायचे. खरेदी, विक्री, रिकाम्या पोत्यांचा बारदाना, हमालांची मजुरी, ट्रकची बिलं, सगळं माझ्याकडे. मालक मूळचे शेतकरी घरातले, तोंडाने गोड, हाताने घट्ट. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. आणि त्यांचे चिरंजीव पुण्याहून शिकून आले होते. आल्याबरोबर त्यांनी डाळीच्या पाकिटाचा रंग बदलला, मग ऑफिसचा रंग बदलला, आणि मग एक सॉफ्टवेअर आणलं. ते सॉफ्टवेअर कसं चालतं हे मीच त्यांना शिकवलं, कारण त्यांना बारदाना म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागत होती. चिरंजीव पूर्ण शिकले, त्याच आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुम्ही किती वर्षं राबल्या," ते म्हणाले. "आता घराकडे लक्ष द्यायला वेळ मिळेल तुम्हाला. मुलीचं दहावीचं वर्ष आहे ना?"

मी म्हटलं, "दहावी तिची आहे, माझी नाही."

ते हसले. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. कागद नाही, पत्र नाही. मी पत्र मागितलं तर म्हणाले, "घरच्या माणसाला पत्र कसलं द्यायचं?" आणि लगेच म्हणाले की शनिवारी छोटासा कार्यक्रम ठेवलाय, साडी नेसून या.

आता इथे कोणी म्हणेल, तू गेलीसच कशाला? त्याने आमच्याकडचा निरोप समारंभ पाहिलेला नाही. आमच्याकडे माणूस कसाही जाऊ दे, बदली होऊन जाऊ दे, निवृत्त होऊ दे, धक्का मारून बाहेर काढला जाऊ दे, त्याला हार घालून, चिवडा-बुंदी खाऊ घालून, फोटो काढूनच पाठवतात. न जाणं म्हणजे रुसणं. आणि रुसलेल्या बाईबद्दल वर्ध्यात जे बोललं जातं, त्यापेक्षा समारंभाला गेलेलं परवडतं. सासूबाई तर म्हणाल्या, "मानानं बलावून राह्यले तं जाव माय." मी कपाटातली बरी साडी काढली.

वजनकाट्याशेजारी सतरंजी अंथरली होती. मला पाटावर बसवलं. वहिनींनी हळदी-कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पदर पसरा मॅडम." मी पदर पसरला. त्यांनी ओटी भरली, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण, सगळं रीतसर. वर डाळीची दोन पाकिटं, नव्या रंगाची. भरलेल्या ओटीला नाही म्हणता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. मी मान खाली घालून ती घेतली. ज्या मिलने माझ्या पोटावर पाय दिला, तिच्यापुढे मी पदर पसरून बसले होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. तेव्हा मला ते इतकं ठळक दिसलं नाही. तेव्हा मी नारळ घरंगळू नये म्हणून जपत होते.

मग मालक बोलले. "मॅडम म्हंजे आमच्या लेकीसारख्या. हे त्याईचं माहेर. पण लेक किती दिवस माहेरी ठेवाव? एक दिवस तं घरी पाठवाच लागते." हमालांपैकी दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांचं लक्ष बुंदीकडे होतं.

मग माइक माझ्या हातात दिला. शाळेत मी वक्तृत्वात पहिली यायचे, आणि हा दोष आयुष्यभर जात नाही. माइक हातात आला की मला वाटतं समोर परीक्षक बसलेत. मी म्हटलं, "या माहेराने मला खूप काही दिलं. आज मी भरल्या ओटीनं आणि भरल्या मनानं, आनंदाने माझ्या घरी जाते." वाक्य चांगलं जमलं होतं. टाळ्याही चांगल्या पडल्या. चिरंजीव समोर उभे राहून मोबाइलवर सगळं टिपत होते, आणि मी त्यांच्याकडे पाहून हसले सुद्धा.

गल्लीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. जो भेटेल तो म्हणे, "बरं केलं सोडली, आता आराम करा." मी प्रत्येकाला सांगत बसले नाही की सोडली नाही, काढलं. सोडली म्हटलं की बाईचं वजन वाढतं, काढलं म्हटलं की तिने काय केलं असेल याचा शोध लागतो. नवराही म्हणाला, "सन्मानानं सुटलीस, हे काय कमी आहे?" त्याच्या दृष्टीने हे खरंच होतं. सन्मानावर संसार कसा चालवायचा याचा त्याला दांडगा अनुभव आहे.

पण मी हिशेबाची बाई. इतकी वर्षं सगळ्यांच्या पगारातून कामगार विम्याची कपात मीच भरत आले होते, माझ्याही. त्या विम्यात नोकरी गेलेल्याला तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका भत्ता मिळतो, हे मला माहीत होतं. तीन महिने म्हणजे दुसरी नोकरी शोधायला श्वास घेण्यापुरती जागा. तेवढ्यात मुलीची परीक्षाही पार पडली असती आणि तिच्या शिकवणीला मध्येच नाही म्हणावं लागलं नसतं. त्या आशेने मी कचेरीत गेले आणि तिथे कळलं की मी आनंदाने घरी गेलेली बाई आहे.

बाबू बोरगाव मेघेचे होते, माणूस भला. त्यांनी मला नियम समजावून सांगितले. स्वतःहून सोडली तर भत्ता नाही. वयाने निवृत्त झाली तर नाही. संपावर गेली तर नाही. काही गैर केलं म्हणून हाकलली तर नाही. म्हणजे मालकाने काढायला हवं, पण आपली काही चूक नसताना काढायला हवं, आणि त्यानेच तसं मान्य करायला हवं. सोवळ्यातला स्वयंपाकसुद्धा इतका अवघड नसतो. शिवाय हा भत्ता जन्मात एकदाच मिळतो. "म्हणून जपून वापरा," बाबू म्हणाले. बेकारी जपून कशी वापरायची ते मी विचारलं नाही.

"हे कारण कोणी भरलं?" मी विचारलं.

"तुमच्याच मिलनं. मालकालेच भरा लागते ते."

म्हणजे चिरंजीवांनी. माझ्या मदतीशिवाय त्यांनी केलेलं मिलचं पहिलं काम हे होतं, आणि त्यात चूक केली असंही म्हणता येत नव्हतं. त्यांना जे हवं होतं तेच त्यांनी बरोबर निवडलं होतं.

बाबूंनी सांगितलं, मिलकडून लेखी आणा की तुम्हाला काढलं. मी स्कूटीला किक मारली आणि सेवाग्राम रस्त्याने थेट मिलवर गेले. ऑफिसमध्ये माझं टेबल नव्हतं. चिरंजीवांनी चहा मागवला, पाणी मागवलं, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. मी कामाचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"काढलं? मॅडम, आमच्या मिलने आजपर्यंत कोणाला काढलेलं नाही," ते म्हणाले. "आमच्याकडची माणसं आपापल्या कारणाने जातात. तुम्हाला तर आम्ही ओटी भरून पाठवलं. काढलेल्या बाईची कोणी ओटी भरतं का?"

"मी राजीनामा दिला होता का?"

"घरच्या माणसाला राजीनामा कशाला लागतो?" पत्र देताना मी घरची होते, राजीनामा घेतानाही मी घरचीच होते, फक्त पगार द्यायच्या वेळेला परकी झाले. मला इतका संताप आला की समोरचा चहा मी तसाच ठेवला. आमच्याकडे दिलेला चहा न पिता उठणं म्हणजे जवळपास शिवी देणं. चिरंजीव पुण्याला शिकल्यामुळे ती त्यांना कळली नसावी.

मी कचेरीत लेखी तक्रार दिली. काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. साहेब निवृत्तीला आलेले, शांत आणि कमी बोलणारे होते. त्यांनी मिलकडे खुलासा मागितला होता, आणि चिरंजीवांनी खुलासा म्हणून समारंभाची चित्रफीत पाठवली होती. साहेबांनी ती संगणकावर लावली.

माझा निरोप समारंभ मी दुसऱ्यांदा असा पाहिला. आवाज ऐकून बाबू आले, शेजारच्या टेबलावरच्या दोन मॅडम आल्या, रांगेतला एक गृहस्थ मान लांब करून पाहू लागला. ओटी भरताना एक मॅडम म्हणाल्या, "साडी छान आहे हो." मालक म्हणाले, लेक किती दिवस माहेरी ठेवाव, तेव्हा बाबूंनी मान डोलावली. मग पडद्यावरची मी बोलू लागले. आनंदाने माझ्या घरी जाते, असं मी गळा दाटून, हात छातीवर ठेवून म्हणाले, आणि रांगेतला गृहस्थ म्हणाला, "वा!" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मेहनतीने बोललेलं एक वाक्य माझ्याच गळ्यात अडकलं होतं, आणि त्याला दाद मिळत होती.

साहेबांनी चित्रफीत थांबवली. "बाई, तुम्ही स्वतःच म्हणताय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या घरी लेक आहे?"

"आहे. अमरावतीला दिली."

"ती ओटी घेऊन निघाली की परत माहेरी येऊ शकते ना? की दार बंद होतं?"

"येते ना, दर दिवाळीला येते."

"मग मी पण जाते परत. मी स्वतःहून निघाले असेन तर स्वतःहून परत जाता येईल. जागा माझीच आहे." आणि डोक्यात काय आलं कोण जाणे, मी तिथेच वहिनींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. मालक किंवा चिरंजीव तयार उत्तर देणार हे मला माहीत होतं. वहिनींना तयार उत्तरं द्यायची सवय नव्हती.

"वहिनी, मी इथे कचेरीत साहेबांसमोर बसलेय, तेही ऐकताहेत. घरी मन रमत नाही. सोमवारपासून मिलमध्ये येऊ का परत?"

"अवो मॅडम, येसान कशा?" वहिनींचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला. "तुमचं टेबलच काढून टाकलं पोरानं. तुमाले काढाचं त्यानं दिवाळीतच ठरवलं होतं. मी म्हटलं, काढतं तं काढ बाप्पा, पण बाईची ओटी भरून काढ. खाली ओटीनं काढली तं तळतळाट लागते. मांगं त्या डाळ निवडणाऱ्या बाईले असंच काढलं, तं आठ दिवसांत मोटर जळली मिलची!"

मग बाबू हळूच म्हणाले, "हे घ्या." दोन्ही मॅडम तोंडावर पदर धरून हसल्या. मला हसू आलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की त्या ओटीत थोडी तरी माया असेल. ती माया नव्हती, मोटर जळू नये म्हणून केलेली तजवीज होती. मिलच्या यंत्राला तेल घालतात तसे माझ्या पदरात तांदूळ घातले होते.

साहेबांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. "फोनवरचं बोलणं मला फाइलला लावता येणार नाही," ते म्हणाले. "लेखी आणा. मालकाचं, नाहीतर एखाद्या भागीदाराचं."

भागीदाराचं म्हटल्याबरोबर माझं डोकं चाललं. मिलमध्ये वहिनी कागदोपत्री अर्ध्याच्या भागीदार होत्या. कर वाचतो म्हणून मालकांनी कधीकाळी त्यांचं नाव घातलं होतं. बँकेचे कागद, कराचे कागद, सगळ्यावर त्यांची सही लागायची, आणि ती आणायला मीच त्यांच्या घरी जायचे. त्या कणकेचे हात पुसून ओट्यावरच सही करायच्या. कशावर करतो आहोत हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही.

मी मजकूर लिहून त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती, बापलेक मिलवर. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बसवलं. त्या घाबरलेल्या दिसत होत्या.

"मॅडम, खरं सांगजा. तुम्ही मनातल्या मनात काई बोलल्या तं नाई ना?"

"काय बोलणार?"

"तळतळाट."

"अजून नाही, वहिनी," मी म्हटलं.

हे मी चांगलं केलं नाही, पण मला त्याचं वाईटही वाटत नाही. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, आणि मग मी त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदा म्हणाल्या, "वाचून दाखवा बरं, काय लिवलं हाये."

मी वाचलं. की या बाईंनी नोकरी सोडलेली नाही, मिलला गरज उरली नाही म्हणून मिलने त्यांना कामावरून कमी केलं, त्यांच्या कामात काही दोष नव्हता.

"खरंच तं हाये," वहिनी म्हणाल्या. "याच्यात लपवाचं काय हाये?" आणि त्यांनी सही केली, नेहमीसारखी, सावकाश, एकेक अक्षर जोडत.

चिरंजीवांनी पुढे गावभर सांगितलं की ओटी भरूनही बाई उलटली. मालक बाजारात दिसले तर दुसऱ्या बाजूने जायचे. मला त्याचं काही नाही. एक दिवस बाबूंचा फोन आला, "मॅडम, अभिनंदन! तुमचं मंजूर झालं. आता तुम्ही पक्क्या बेकार झाल्या." मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले. घरी सांगितलं तर सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नवऱ्याने गल्लीत सांगताना मात्र 'बेकारी भत्ता' हा शब्द टाळला, 'विम्याचं काहीतरी' म्हणाला. सर शेवटी सरच.

पैसे खात्यात आले त्या सकाळी मी वहिनींना फोन केला. त्यांच्यामुळे मिळाले होते, सांगायला हवं होतं.

"भेटले ना? बरं झालं माय," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला वाटला. मी विचारलं, बरं नाही का? त्या म्हणाल्या, "पोरगा बोलत नाई माह्याशी. त्या सहीवरून. हे बी बोलत नाईत. बँकेतून माही सही काढून राह्यले. मिलमधून नावच काढते म्हणे माहं, सुनेचं टाकते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम, एक विचारू का? तुमाले माहीत असते म्हून इचारते. मी बी तं इतके वर्षं सह्या करून राह्यली तिथं. हमालायचा चहा, पाव्हण्यायचा सैपाक, समदं माह्यावरच. आता मले काढलं तं मले भेटन का ते, तुमाले भेटलं तसं?"

नियम मला तोंडपाठ झाले होते. मी म्हटलं, "वहिनी, त्याला आधी पगार असावा लागतो. त्यातून विमा कापला जातो. तुम्हाला पगार होता का कधी?"

"मले?" त्या हसल्या. मग हसू थांबलं. "मंग मले काढलं असं बी म्हणता येनार नाई ना?"

"नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं, आणि दुसरं काही मला सांगता आलं नाही.